काळगडाचा सांडणीस्वार

आई,

ती मालिका पुन्हा आली आहे. काळगडाची. या वेळी रविवारची वाट बघावी लागत नाही, गच्चीवर चढून अँटेना फिरवावी लागत नाही, वीज जाईल म्हणून देव पाण्यात ठेवावे लागत नाहीत. सगळे भाग एकदम फोनवर येऊन पडलेत. मांत्रिक राजा आता व्यायामशाळेत जातो असं दिसतं, आणि अंधार एवढा दाखवतात की कोण कोणाला मारतंय ते मेलेल्यालाही कळू नये. संपादक म्हणाले, "यावर तुम्हीच लिहा. तुमची जीभ तिखट आहे, आणि तुम्ही मूळ पुस्तकं वाचली आहेत." जीभ तिखट आहे हे खरं, ती कुणाकडून आली ते तुला ठाऊक आहे. दुसऱ्या वाक्याशी मात्र माझं गाडं अडलं. म्हणून लेख बाजूला सारून हे तुला लिहायला बसले. शिवाय तुला एक निरोप सांगायचा राहिला आहे. तीस वर्षं राहिला आहे.

उन्हाळ्यात आपल्या जिंतूरच्या गल्लीत शेवयांची सावड असायची. आज हिच्या घरी, उद्या तिच्या; सगळ्यांनी मिळून एकीचे डबे भरायचे आणि मग दुसरीच्या ओसरीत पाट टेकवायचे. तुझ्या हाताला शेवई कधी आली नाही. पाटावर पीठ ओढायला बसलीस की सुतळी निघायची. तू शाळेतली बाई, म्हणून कुणी तोंडावर बोलत नव्हतं. पण एकदा समोरच्या काकूंनी तुझी शेवई दोन बोटांत धरून उन्हात बघितली आणि म्हणाल्या, "बाई, ह्याला म्हैस बांधता यील. तुमी आपलं कायतरी वाचा. आमी वळतो." त्या दिवसापासून तुझ्या वाटच्या शेवया बाकीच्या जणी करू लागल्या आणि तू वाचू लागलीस. हाताची सावड तू तोंडानं फेडलीस.

काळगडाचा पहिला भाग आणला तो काकूंच्या मुलानं. मी त्याला दादा म्हणायची. औरंगाबादला कॉलेजात होता, सुट्टीत आला की पिशवीत पुस्तकं घेऊन यायचा. "बाई, हे वाचा. देवादिकांचं न्हाई, पर राक्षस लय हायत," असं म्हणून त्यानं ते तुझ्या हातात दिलं. गडावरच्या मांत्रिक राजानं सगळ्या नद्या बांधून ठेवल्यात, खालची सात राज्यं तहानलेली आहेत, आणि त्या राज्यांना एकमेकांशी धड बोलताही येत नाही, कारण वाटा बंद. वाटा माहीत असलेला एकच: सांडणीस्वार. बापानं दार लावलं म्हणून घर सोडून निघालेला तरणा पोरगा, सांडणीवरून या राज्याचा निरोप त्या राज्याला पोचवणारा. पहिल्याच दिवशी ओसरीतली एक जण म्हणाली, "नद्या बांधून ठिवल्यात? मग आपली दुधनाबी ह्याच मेल्यानं बांधली आसंल." आणि पाटावरची पिठं हसण्यानं हलली. तू मात्र हसली नाहीस. मान वर न करता वाचत राहिलीस, शाळेत गोंगाट झाला की वाचायचीस तशी.

मग, तिसरा भाग वाचून झाला त्या वर्षी, दादाचं ते झालं. विद्यापीठाच्या नावाचा वाद पेटून तोवर बरीच वर्षं झाली होती, तरी आपल्याकडे नामांतर हा शब्द कुणी मोठ्यानं उच्चारला की आधी खिडकी लावली जायची. दादा औरंगाबादला मित्रांबरोबर नामांतराच्या बाजूनं मोर्चात चालला. ते कुणीतरी पाहिलं, आणि बातमी त्याच्या आधी इथल्या मोंढ्यात, धान्यबाजारात पोचली. काका म्हणजे त्या भागातले मोठे शेतकरी, मोंढ्यात त्यांच्या शब्दाला वजन. दादा घरी आला तेव्हा ते दारातच उभे होते. आपल्या ओसरीतून सगळं ऐकू येत होतं. "ज्या नावासाठी मोर्चे काढायलास ना, तेच नाव लाव. माजं लावू नको." दादा म्हणाला, "आण्णा, आत तर येऊ द्या." ते म्हणाले, "न्हाई." एवढंच. तो तसाच एस्टी स्टँडकडे गेला. काकू माजघरातून बाहेर येईपर्यंत गल्ली रिकामी होती. त्यानंतर पत्र नाही, निरोप नाही. काकांनी सांगून टाकलं की या घरात त्याचं नाव निघायचं नाही. एका नावावरून अख्खा मराठवाडा पेटला होता, आणि आपल्या समोरच्या घरात एक नाव विझवून टाकलं होतं.

पुढच्या उन्हाळ्यात काकू पाटाशी बसल्या आणि पीठ ओढता ओढता, कुणाकडे न बघता, तुला विचारलं, "बाई, कुठवर आला गं माजा?" काकू सांडणीस्वाराबद्दल विचारत होत्या. म्हणजे तसंच समजायचं होतं. नाव न घेता विचारायची वाट त्यांना सापडली होती आणि ती तुझ्या पुस्तकातून जात होती.

अडचण अशी होती की तू चौथा भाग आधीच वाचून ठेवला होतास. दर वर्षी वाचायचीस, कुठं थांबायचं ते ठरवायला. आणि चौथ्या भागात सांडणीस्वार घाटात मरतो.

हे मला तेव्हा माहीत नव्हतं. मी तुझ्या मागे भिंतीला टेकून बसले होते, आणि माझ्या लक्षात एवढंच आलं की तुझे डोळे ओळींवरून सरकत नाहीयेत. तोंड चाललंय, सांडणीस्वार बाणांच्या पावसातून वाट काढतोय, आणि तुझी नजर पानाच्या एकाच कोपऱ्यावर खिळलेली. मी मान पुढं करून बघितलं. पुढची दोन पानं एकमेकांना चिकटलेली होती. नीट, काठोकाठ, पतंगाला लावतात तशा खळीनं. मी तोंड उघडलं, "आई, इथं तर..." आणि तू मागं न वळता म्हणालीस, "गच्चीवर जा. शेवयांवर चिमण्या बसल्यात." चिमण्या नव्हत्या. मी तरी गच्चीवर जाऊन उभी राहिले. संध्याकाळी तू भाकरी थापत होतीस. मी म्हटलं, हे खोटं आहे. तू भाकरी तव्यावर टाकलीस, वरून पाणी फिरवलंस आणि म्हणालीस, "पुस्तक काय कोर्टातला साक्षीदार आहे का? तिला तेवढं एक विचारता येतं. तेही मी बंद करू?" मी म्हटलं, मग त्याला घरी तरी आणून सोड, एकदाचा. तव्यावरची भाकरी करपली तरी तू उलटली नाहीस. "घरी आणला," तू म्हणालीस, "आणि इकडं आला नाही तर?"

पुढे तुझी जी तारांबळ उडाली ती आठवून मला आजही हसू येतं, आणि लगेच येत नाही. पाचव्या-सहाव्या भागात तो नाहीच. मेलेला माणूस कुठून येणार? तू त्याला जागोजागी घुसवलंस. राज्याभिषेकाला मागच्या रांगेत उभा केलास. कुणा राजकन्येच्या लग्नात निरोप देऊन जेवायच्या आत निघून गेला. वेढ्यात, वाळवंटात, राजवैद्याच्या दारात, जिथं बघावं तिथं त्याच्या सांडणीची घुंगरं. काकू विचारायच्या, "जेवला का तितं?" तू म्हणायचीस, "जेवला, वैनी. दोनदा वाढून घेतलं." सहाव्या भागानंतर लेखकानं हात आखडला. सातवा भाग काही केल्या येईना. गल्लीत हळहळ झाली. तू तेवढी सुटलीस असं मला वाटलं.

आणि मग टीव्हीवर मालिका सुरू झाली. गल्लीतला रंगीत टीव्ही काकांकडे. रविवारी सकाळी सावडीतल्या सगळ्या जणी न्हाऊन-बिऊन सतरंजीवर, काका खुर्चीत, तोंडासमोर पेपर. त्यांना असल्या पोरखेळात रस नाही हे सगळ्यांना कळावं म्हणून तो पेपर. तक्रारी पहिल्याच रविवारी सुरू झाल्या. सांडणी गायब, तिच्या जागी पांढरा घोडा. एका जणीनं विचारलं, "सांडणी कुठं गेली वो बाई?" काका पेपराआडून म्हणाले, "चारा परवडला नसंल." मांत्रिक हसायला लागला की दूध तापवून परत येईपर्यंत हसत असायचा. कुणी काही बोललं की वीज कडाडायची आणि प्रत्येकाचं तोंड तीन-तीनदा जवळून दाखवायचे. आणि ती हिंदी! आपल्या बाजारातली हौ-नक्कोवाली नव्हे, पाठ केलेली. काकू म्हणायच्या, "हा माजा न्हाई वाटत. माजा येवढा बोलत न्हाई." पण घोडा दिसला की पदर सावरून बसायच्या.

तू आणि मी मात्र भीत होतो. दर रविवारी घाट एक-एक आठवडा जवळ येत होता. तुझा हिशेब होता की चौथ्या भागापर्यंत पोचायला यांना वर्ष तरी लागेल. दिवाळीनंतर काकूंना एकटीला गाठून सगळं सांगायचं. कसं सांगायचं ते तू ठरवत होतीस. मी बघत होते. तांदूळ निवडताना ओठ हलायचे आणि थांबायचे. मग एका शुक्रवारी मी पेपरात वाचलं की घोडेस्वाराचं काम करणाऱ्या नटाला सिनेमा मिळालाय आणि तो मालिका सोडतोय. तुला वाचून दाखवलं. तुझ्या हातातलं सूप तसंच राहिलं. "सोडतोय म्हणजे?" तू म्हणालीस. "त्याला मारतील का?" मी म्हटलं, "मारतीलच. या रविवारी नाहीतर पुढच्या." तू उठलीस, चप्पल घातलीस, समोरच्या दारापर्यंत गेलीस आणि परत आलीस. "वैनी हसत होत्या," म्हणालीस.

तो रविवार. तू टीव्हीच्या बटणाच्या अगदी बाजूला बसली आहेस. एरवी दाराशी बसणारी बाई आज पुढं का, असं कुणाला वाटू नये म्हणून चष्म्याचा नंबर वाढल्याचं आधीच सांगून टाकलंयस. पडद्यावर धूर. घोडा. तू म्हणतेस, "वैनी, दूध ठेवलंय का चुलीवर? वास येतोय." काकू म्हणतात, "आज दूधच न्हाई घेतलं." घोडा घाटात शिरतो. तू म्हणतेस, "आवाज फार आहे, नाही का?" आणि तुझा हात बटणाकडे जातो, आणि काका पेपराआडून म्हणतात, "ऱ्हाऊ द्या, बाई." कड्यावर धनुष्यं दिसतात. चौथा भाग अजून कोसभर लांब, पुस्तकात या वेळी तो पोरगा राणीच्या वाड्यात पेरू खातो आहे. पण टीव्हीवाल्यांना घाई आहे, त्यांच्या नटाला गाडी गाठायची आहे. पहिला बाण. तीन वेळा त्याचं तोंड. दुसरा बाण. तो पडला. घोडा एकटाच पुढं गेला. वीज कडाडली, संगीत थांबलं आणि साबणाची जाहिरात सुरू झाली.

काकूंनी मांडीवरचा पदर मुठीत धरला होता आणि त्या साबणाकडे बघत होत्या. काका उठले, त्यांनी टीव्ही बंद केला. पेपर खाली पडला होता. माझ्या लक्षात आलं की तो कितीतरी वेळापासून खाली पडलेला आहे.

"बाई," ते म्हणाले, "तुमच्या पुस्तकात काय हाय?"

तू म्हणालीस, "पुस्तकात तो जिवंत आहे."

"वाचून दावा."

तू उठायला लागलीस. त्यांनी हात वर केला. "तुमी नगं. तुमची पोरगी वाचंल." म्हणजे त्यांना संशय होता. म्हणजे इतकी वर्षं, ज्याचं नाव काढायचं नाही त्याची खबर, भिंतीपलीकडून का होईना, ते ऐकत होते. मी तुझ्याकडे बघितलं. तू माझ्याकडे बघितलं नाहीस. सतरंजीची एक दशी बोटाला गुंडाळत होतीस. मी गल्ली ओलांडून घरी गेले, चौथा भाग काढला आणि परत आले.

पान सापडायला वेळ लागला नाही. पुस्तक आपणहोऊन तिथं उघडायचं. चिकटवलेल्या पानांच्या अलीकडचं पान मी वाचलं, छापलं होतं तसंच. घाट, धुकं, सांडणी बिचकते. शेवटची ओळ अर्धीच होती. ती संपली. पुढं ते जाड, फुगलेलं, दोनाचं झालेलं एकच पान. मी ते उलटलं, आणि वाचत राहिले. म्हणजे तोंड चालू ठेवलं. बाण आले. एक मांडीत रुतला. सांडणी बसली, तो तिच्याआड पडला, शत्रूला वाटलं मेला. धनगरांनी उचलून नेला. पाय काही पूर्वीसारखा झाला नाही, लंगडू लागला. वाटा बंद, म्हणून घरी निरोप पाठवता येत नाही. पण आहे. माझा आवाज मला परका वाटत होता. एका वाक्याचं क्रियापद सापडेना, तेव्हा मी खोकले.

काका टीव्हीला पाठ टेकून उभे होते. त्यांनी घसा साफ केला.

"घरी कवा येतो?"

तुझी दशी तुटली. मी म्हटलं, "ते पुढच्या भागात आहे, काका."

"मग आणा की पुढचा भाग."

"तो अजून निघाला नाही. लेखक लिहितायत."

"काय करायलाय मग त्यो बसून?" काका एकदम ओरडले. "लवकर लिव म्हनावं त्याला! मान्सं वाट बगायलीत इथं!"

आणि ते मागच्या अंगणात निघून गेले. बराच वेळ तिथं बादलीत पाणी पडत होतं. काकूंनी मूठ सोडली, पदराची चुणी हातानं सरळ केली आणि म्हणाल्या, "टीव्हीवाल्याला काय कळतंय. त्यांला सांडणीबी न्हाई मिळाली."

घरी आल्यावर तू सरळ स्वयंपाकघरात गेलीस, वरण ढवळलंस, मीठ टाकलंस, चव घेतलीस. मला वाटलं, आता पाठीवर हात ठेवशील. तू म्हणालीस, "लंगडा कशाला केलास?"

मी म्हटलं, "अगदी धडधाकट ठेवला असता तर पटलं नसतं."

"मी ठेवला होता," तू म्हणालीस, आणि पळी ठेवून दिलीस. आजवर माझ्या लिखाणावर पुष्कळांनी पुष्कळ लिहिलं. त्यात इतकं नेमकं कुणी बोललं नाही.

पुढचं तुला माहीत नाही, कारण तू थांबली नाहीस. त्यानंतरच्या पावसाळ्यात तू गेलीस, कावीळ झाली आणि गेलीस. मग विद्यापीठाच्या नावाचा निकाल लागला. पुन्हा काही दिवस खिडक्या बंद, एस्ट्या बंद, चौकात पोलीस. आणि ते निवल्यावर, एका दुपारी, मी ओसरीत बसले होते तेव्हा समोरच्या दारात एक माणूस उभा राहिला. बरोबर बायको, तिच्या कडेवर मूल. मी आधी ओळखलंच नाही. काका खुर्चीत होते. त्यांनी पेपर खाली केला, बघितलं, पेपराची घडी घातली, पुन्हा उघडली. शेवटी म्हणाले, "जेवला का?" तो म्हणाला, "न्हाई, आण्णा." मग आतून काकू आल्या. इतकी वर्षं दुपारचं दार उघडं ठेवणारी ती बाई. त्यांनी त्याला पायापासून डोक्यापर्यंत बघितलं, नजर पायांवर जरा जास्तच थांबली, आणि म्हणाल्या, "आत यिऊन दार लाव. मांजर येतंय."

लंगडत नव्हता, आई. चांगला धडधाकट, पोट सुटलेलं, नागपूरला कसल्याशा कचेरीत कारकून. तू जिंकलीस.

संध्याकाळी काका गल्ली ओलांडून आपल्या ओसरीत आले. कधी येत नसत. तुझ्या फोटोसमोर उभे राहिले, मग माझ्याकडे वळून म्हणाले, "बाईला सांगायला पायजे होतं. त्यांचंच पुस्तक खरं निगालं. टीव्हीवाल्याचं खोटं." मी म्हटलं, सांगते. तर हा तो निरोप. पोचता केला असं समज. माझ्याकडे सांडणी नव्हती.

आता उरली दुसरी गोष्ट, जिच्यामुळे लेख अडला. वीस-बावीस वर्षं मी पेपरात टीव्हीवाल्यांची सालटी काढते. हे मूळ कादंबरीशी इमान राखत नाहीत, यांनी पुस्तक उघडून तरी बघितलंय का, असं दर खेपेला लिहिते, आणि वाचक टाळ्या वाजवतात. चौथा भाग माझ्या टेबलावर आहे. ती पानं तू चिकटवलीस तशीच आहेत. त्याला बाण लागला की भाला, शेवटी तो काही बोलला का, सांडणीचं काय झालं, यातलं मला काहीही माहीत नाही. वाफ दिली की जुनी खळ सुटते म्हणतात. आज सकाळी पुस्तक घेऊन ओट्याशी उभी राहिले, पातेल्यात पाणी ठेवलं, उकळी येऊ दिली, चांगली वाफ निघू लागली.

मग त्यात चहा टाकला.